पहिल्यांदा कोरियाला जाताना

दक्षिण कोरियाला जायचे तर भारतीय पासपोर्टधारकाला निघण्यापूर्वी व्हिसा काढावा लागतो. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे, नोकरीचा किंवा धंद्याचा दाखला ही कागदपत्रे आधीच जुळवलेली बरी. कोल्हापूरसारख्या शहरातून थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे सोलजवळच्या इंचॉन विमानतळावर उतरावे लागते. दिल्लीहून थेट विमानाला सुमारे सात तास लागतात. कोरियाचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे.

रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई आल्यापासून महाराष्ट्राचा कोरियाशी कामधंद्याचा संबंध वाढला, तरुणांना कोरियन मालिकांनी ओढले. जाणारा कामासाठी जावो की हौसेने, त्याने निघण्यापूर्वी आठवडाभर रोज अर्धा तास हंगुल या कोरियन लिपीला द्यावा. इतर कोणत्याही तयारीपेक्षा ही जास्त उपयोगी पडते. मोठ्या शहरांतल्या स्थानकांवर इंग्रजी पाट्या असतात, पण गल्लीतल्या खाणावळीचा फलक आणि पदार्थांची यादी बहुधा कोरियनमध्येच असते.

देवनागरी वाचणाऱ्याला ही लिपी अवघड नाही. राजा सेजोंगने ती १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. आज तिच्यात १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य असे गट उच्चारस्थानावरून पडतात. हंगुलमध्ये तर अक्षराचा आकारच उच्चारावरून घेतलेला आहे. ओठ मिटून येणाऱ्या ‘म’साठी तोंडाचा चौकोन, ‘न’साठी वर टेकणाऱ्या जिभेचा कोन. व्यंजनाला स्वर जोडून, शेवटचे व्यंजन खाली ठेवून अख्खा उच्चार एका चौकटीत बसवतात. ‘किम’ लिहिताना ‘क’ आणि ‘ई’ शेजारी येतात, ‘म’ त्यांच्या खाली. ‘क’ आणि ‘ग’ यांना मात्र एकच अक्षर आहे. तसेच ‘प’ आणि ‘ब’ यांनाही.

वाक्यरचना तर ओळखीचीच वाटते. क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय नामाला मागून लागतात. ‘मुल जुसेयो’ म्हणजे ‘पाणी द्या’: मुल पाणी, जुसेयो द्या. ‘दे’ आणि ‘द्या’ यांतला आदराचा फरक तिथेही आहे आणि तो फार काटेकोरपणे पाळला जातो. अनोळखी माणसाशी नेहमी आदरार्थीच बोलावे. ‘आन्न्योंगहासेयो’ हा नमस्कार, ‘कामसाहाम्निदा’ हे आभार.

जेवणात खरी अडचण मांसाहार टाळणाऱ्यांची होते. ‘कोगी प्पे जुसेयो’, म्हणजे शब्दशः ‘मांस काढून द्या’, एवढे म्हणता आले तरी पुष्कळ काम होते. पण कोगी म्हणजे मांस; मासळी त्यात धरली जात नाही. अनेक रश्शांचा आधार सुकवलेली छोटी मासळी असते, किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क पडतो. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘सोगोगी’ आणि डुकराचे मांस टाळणाऱ्यांनी ‘द्वेजीगोगी’ हे शब्द ओळखायला शिकावेत. बकऱ्याचे मटण तिथल्या रोजच्या जेवणात नसते. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्याला तिथल्या तिखटाची भीती नाही, मात्र गोचुजांग ही मिरचीची चटणी आंबवलेल्या सोयाबीनची आणि किंचित गोडसर असते. बौद्ध मठांच्या परंपरेतले जेवण मांस, मासे, कांदा, लसूण यांशिवाय बनते. त्यात मुळा आणि कमळकाकडी असते, हे जैन कुटुंबांनी लक्षात घ्यावे. सोबत भडंग किंवा कोरड्या चटण्या ठेवाव्यात. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे विमानतळावर अडवली जातात.

घरात आणि जमिनीवर बसून जेवायच्या खाणावळीत पादत्राणे बाहेर काढतात, म्हणून नाडीचे बूट गैरसोयीचे. वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर इतरांनी जेवायला सुरुवात करायची. वस्तू देता-घेता दोन्ही हात पुढे करायचे. भातात काड्या उभ्या रोवणे अशुभ मानतात, कारण ते मृतांना दाखवायच्या नैवेद्यासारखे दिसते. पिंडाचा भात ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. बक्षिसी देण्याची पद्धत नाही.

कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते. दहा हजार वॉन म्हणजे साधारण सहाशे रुपये. मेट्रो आणि बससाठी टी-मनी कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, पण ते भरायला रोख लागते. बसमधून उतरतानाही ते टेकवावे, म्हणजे पुढच्या गाडीच्या भाड्यात सवलत मिळते. रस्ता शोधायला स्थानिक लोक नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप वापरतात. मोबाइलमध्ये ही दोन्ही अ‍ॅप आधीच घालून घ्यावीत. वीज २२० व्होल्टची, प्लग दोन गोल पिनांचा. आपला तीन पिनांचा तिथे बसत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीचा चेरीचा बहर आणि ऑक्टोबरअखेरची रंगलेली पाने हे जाण्याचे सर्वांत चांगले दिवस. जूनअखेर ते जुलै पाऊस असतो, जानेवारीत सोलचे तापमान शून्याखाली जाते. सोलाल आणि छुसोक या सणांत अनेक दुकाने बंद असतात आणि गाड्यांना गर्दी उसळते. अडचणीत पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९. १३३० वर पर्यटकांना इंग्रजीतून मदत मिळते.