नकाशा मुलाच्या हाती द्या

स्वीडनमध्ये उन्हाळ्यात ‘ओ-रिंगेन’ नावाचा पाच दिवसांचा क्रीडामेळा भरतो. १९६५ साली सुरू झालेल्या या मेळ्यात नामवंत धावपटू, शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा एकाच जंगलात उतरतात. खेळ आहे ‘ओरिएन्टिअरिंग’चा, म्हणजे नकाशा व होकायंत्र यांच्या साह्याने वाट शोधण्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कँडिनेव्हियातील लष्करी शिक्षणातून हा खेळ जन्मला. १८९७ मध्ये नॉर्वेत त्याची पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली आणि १९१९ मध्ये स्वीडनच्या मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी तो तरुणांपर्यंत नेला. नकाशावर त्रिकोण म्हणजे आरंभ, क्रमांकित वर्तुळे म्हणजे ठाणी व दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. प्रत्येक ठाण्यावर नारिंगी-पांढरे निशाण असते. ठाणी क्रमाने गाठायची. मधली वाट मात्र ज्याची त्याने ठरवायची. टेकडी चढून सरळ जावे की पायवाटेने वळसा घ्यावा? श्रम वाचवावेत की वेळ, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न येथे लहान मुलालाही सोडवावा लागतो.

नवख्यांना भिण्याचे कारण नाही. वय व अनुभव यांनुसार मार्ग निराळे असतात. चालत गेले तरी चालते. अगदी लहानग्यांसाठी झाडांमधून खुणेची दोरी वा फिती बांधलेल्या असतात. नकाशावरची उत्तर दिशा प्रत्यक्षातील उत्तरेशी जुळवून धरणे आणि आपण असू तेथे अंगठा ठेवून तो पुढे सरकवीत जाणे, एवढे पहिल्या दिवशी पुरते.

स्वीडनमध्ये हा खेळ रुजला, त्यामागे निसर्गात मुक्त संचाराचा परंपरागत हक्क आहे. १९९४ पासून त्याला तेथील राज्यघटनेतही स्थान आहे. आपल्याकडे नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची बंधने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरीच शिथिल झाली. पण खरा अडथळा आपल्या सवयीत आहे. समोच्चता रेषा आपले विद्यार्थी गुणांपुरत्या शिकतात, आणि गडावर मात्र म्होरक्याच्या मागे रांगेने चालतात. आता तर मोबाइलच वळण सांगतो.

शाळेचे आवार, हाताने काढलेला नकाशा आणि कापडाची दहा निशाणे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पालकांनी मात्र दोन पावले मागे राहून गप्प बसण्याची तयारी ठेवावी. चुकलेली वाट स्वतः दुरुस्त करण्याचा अनुभव मुलाला दुसरे कोणी देऊ शकत नाही.