बॉनेट पांढुरके का पडले?

नवा रंग दिलेल्या मोटारीजवळ उभे राहिलात तर तिच्या पत्र्यात तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसतो. दारासमोरून सायकल गेली तर तिचीही सावली पत्र्यावरून सरकत जाते. आता अशी कल्पना करा, की रंग नवाकोरा आहे, कालच दिला आहे, आणि तरी त्यात काहीच दिसत नाही. गर्द निळ्या रंगावर कुणीतरी ताकाचा हात फिरवावा तसा पत्रा पांढुरका दिसतो. असे का व्हावे?

हा प्रश्न काही मी पुस्तकासाठी रचलेला नाही. काही वर्षांपूर्वी सोलापुरात तो माझ्यासमोर आला, तेव्हा त्यात दोन माणसांचे भांडण अडकलेले होते. माझ्या एका शिक्षक मित्राकडे जुनी प्रीमियर पद्मिनी होती, मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, म्हणजे सोलापूरकरांच्या भाषेत गड्ड्याला, बाहेरगावचे नातेवाईक यायचे होते. त्याआधी गाडी रंगवून व्हावी म्हणून त्याने ती होटगी रस्त्याकडच्या एका मिस्त्रीकडे दिली. मिस्त्रीने जुना रंग खरवडला, खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासून पत्रा सपाट केला, प्रायमर मारला. मग रंग. दरवाजे आणि मडगार्ड आरशासारखे झाले. बॉनेट आणि टप मात्र पांढुरके पडले.

मित्र म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही उरलेला स्वस्तातला रंग वापरलात." मिस्त्री म्हणाला, "सर, डबा एकच आहे, थिनरचा कॅनही एकच. हवं तर वास घेऊन बघा. थिनरातच भेसळ असंल." पैसे अडले. मिस्त्रीच्या तीन आठवड्यांच्या मजुरीचा प्रश्न होता आणि मित्राला वाटत होते की आपण फसलो. दोघेही खरे बोलत होते, हे मला नंतर कळले.

डबा एक, गन एक, हात एक. मग फरक कशात होता? विचारता विचारता एक गोष्ट निघाली. ते भारनियमनाचे दिवस होते. पहिल्या आठवड्यात सकाळी वीज जाई, म्हणून मिस्त्रीने दरवाजे दुपारी रंगवले. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदलले, दुपारी वीज जाऊ लागली आणि कॉम्प्रेसर चालवायचा तर सकाळी सातलाच. बॉनेट आणि टप त्याने सकाळी सातला रंगवले होते, आणि गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. फरक फक्त वेळेचा होता. पण सकाळ आणि दुपार यांत रंगाला काय कळते?

ते पाहण्याआधी स्प्रेचा रंग वाळतो कसा, हे समजून घ्यायला हवे. रंगाच्या डब्यात तीन गोष्टी असतात. रंग देणारी बारीक पूड, ती पूड पत्र्याला चिकटवून धरणारा बंधक, आणि या दोघांना पातळ ठेवणारा द्रावक, म्हणजे मिस्त्रीचा थिनर. जुन्या गाड्यांना मारतात त्या ड्यूको पद्धतीच्या रंगात बंधक असतो नायट्रोसेल्युलोज. सोलापूरसारख्या गिरणगावच्या मुलांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: हा पदार्थ कापसापासून होतो. सरकीला चिकटून राहिलेले, सूत काढायला निरुपयोगी असे आखूड तंतू नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात घालून तो बनवतात. 1923 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलँड गाड्यांना ड्युपाँ कंपनीचा असा रंग प्रथम देण्यात आला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. हा काही तासांत वाळू लागला. कारण यात वाळणे म्हणजे नुसते थिनर उडून जाणे. दुसरी कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. थिनर गेला की बंधकाचा गुळगुळीत पापुद्रा मागे राहतो.

थिनर उडतो तेव्हा त्याला उष्णता लागते. ही अप्रकट उष्मा तुम्ही शाळेत शिकलेला आहात. मातीच्या माठातले पाणी थंड होते ते याच कारणाने. पाणी सावकाश उडते, थिनर मात्र घाईत असतो. थिनरात असणाऱ्या अ‍ॅसिटोनचा उत्कलनबिंदू अवघा 56° से. आहे, आणि 20° तापमानाला त्याचा बाष्पदाब पाण्याच्या सुमारे दहापट असतो. त्यात गनमधून रंगाचे लाखो बारीक थेंब होऊन हवेतून जातात, म्हणजे उडायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. ही सगळी उष्णता येणार कुठून? रंगाच्या ओल्या थरातून आणि त्याखालच्या पत्र्यातून. रंग मारताक्षणी पत्रा काही अंशांनी गार पडतो. बोटावर थोडे नेलपॉलिश काढायचे द्रव घेऊन फुंकर मारा, म्हणजे हे पटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शाळेतला आर्द्रतामापक घेऊन मिस्त्रीच्या शेडमध्ये गेलो. त्यात दोन तापमापक असतात, एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याचा ओल्या कापडात गुंडाळलेला. कोरड्याने 17° दाखवले, ओल्याने 15°. कोष्टकात पाहिले: सापेक्ष आर्द्रता सुमारे 80 टक्के, दवबिंदू तापमान जवळजवळ 14°. दुपारी दोनला पुन्हा गेलो. कोरडा 30°, ओला साडेएकोणीस. आर्द्रता 40 टक्क्यांच्याही खाली आली होती. पण दवबिंदू? तोही जवळजवळ 14°!

इथे जरा थांबा, कारण सगळी गोम इथे आहे. सोलापूरची हवा कोरडी, असे आपण म्हणतो. हिवाळ्याच्या दुपारी ती कोरडी लागतेही. पण त्या दिवशी सकाळी हवेत जेवढी वाफ होती तेवढीच दुपारी होती. हवा तापली म्हणून तिची वाफ धरण्याची ताकद वाढली, एवढेच. पत्र्याच्या दृष्टीने प्रश्न निराळा असतो: आपण किती अंश गार पडलो तर आपल्यावर दव जमेल? दुपारी त्याचे उत्तर होते 16 अंश. सकाळी फक्त 3. आणि थिनर उडताना 3 अंशांनी गार पडायला कितीसा वेळ लागतो?

खरे तर बॉनेटाला तेवढेही अंतर नव्हते. रात्री निरभ्र आकाशाखाली उभी असलेली वस्तू आपली उष्णता आकाशाकडे प्रारित करत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होते. आकाशाकडे तोंड करून असलेला पृष्ठभाग सर्वांत जास्त. म्हणून पहाटे गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर दव दिसते, तेव्हा दरवाजे बहुधा कोरडे असतात. मिस्त्रीने फडक्याने दव पुसले होते, पण पत्र्याचा गारठा फडक्याने पुसला जात नाही.

तर ओल्या रंगावर पाणी जमले. पुढे काय झाले? नायट्रोसेल्युलोज थिनरात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. थरात पाणी शिरले की लिंबू पिळल्यावर दूध फाटते तसा बंधक जागोजागी फाटतो, गोळा होतो. नंतर पाणीही उडून जाते, पण ते जिथे होते तिथे सूक्ष्म पोकळ्या राहतात. म्हणजे जे पांढरे दिसते तो कसलाही पांढरा पदार्थ नाही. ती भोके आहेत.

भोके पांढरी कशी दिसतील, असे विचाराल तर बर्फाचा गोळा आठवा. बर्फाची लादी काचेसारखी आरपार दिसते. तीच किसली की किस पांढराशुभ्र. किसाच्या प्रत्येक कणाच्या आणि मधल्या हवेच्या सीमेवर प्रकाश वळतो, उलटतो, चहूकडे विखुरतो, आणि सगळे रंग सारखेच विखुरल्यामुळे आपल्याला पांढरे दिसते. त्यावर सरबत ओतले की ते फटींतली हवा हुसकून लावते आणि पांढरेपणा तिथल्या तिथे जातो. रंगाच्या थरातही तेच. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्या मापाच्या किंवा त्याहून मोठ्या पोकळ्या असल्या की आरसा बिघडलाच.

म्हणूनच "दोन दिवस उन्हात ठेवा, ओल जाईल आणि चमक येईल" हा मित्राचा उपाय चालला नाही. ओल तर केव्हाच गेली होती.

निस्तेज रंग दिसला की प्रत्येक वेळी हेच कारण असते, असे मात्र समजू नका. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 40 च्या वर जातो, तेव्हा अगदी उलट घडते. रंगाचे थेंब गनपासून पत्र्यापर्यंत जातानाच वाळतात आणि पुडीसारखे पत्र्यावर बसतात. दोहोंतला भेद ओळखायला हात पुरतो. उन्हाळ्यातला निस्तेज रंग बारीक वाळूसारखा खरखरीत लागतो. दवाने बिघडलेला गुळगुळीत लागतो, पण दुधाळ दिसतो. थंडीत आणखी एक दोष येतो. गार रंग घट्ट होतो, त्याचे थेंब मोठे पडतात, नीट पसरत नाहीत आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग होतो. आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग विटतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी बंधक तुटल्यामुळे. तिथे बोट फिरवले तर बोटाला पूड लागते.

आता दुरुस्ती. पोकळ्या बुजवायच्या तर बंधक पुन्हा थोडा वितळायला हवा, गोळ्यावरच्या सरबतासारखे काहीतरी त्यात शिरायला हवे. ड्यूकोचा एक मोठा गुण इथे उपयोगी पडतो: तो वाळल्यावरही थिनरात पुन्हा विरघळतो. पण नेहमीचा थिनर पुन्हा घाई करील, म्हणून त्यात रिटार्डर नावाचा सावकाश उडणारा द्रावक मिसळतात. अशा कामाला वापरल्या जाणाऱ्या ब्युटिल सेलोसोल्व्हचा उत्कलनबिंदू 171° से. आहे. तो सावकाश उडतो म्हणून पत्रा फार गार पडत नाही, आणि पाणी आधी निघून जाते, द्रावक मागाहून. तोवर बंधक विरघळलेला राहतो आणि सपाट होऊन बसतो.

मिस्त्रीला रिटार्डर माहीत होता. पावसाळ्यात तो वापरतच असे. "थंडीत पाऊस कुठंय सर, म्हणून घातला नाही," तो म्हणाला. त्याचा तर्क चूक म्हणता येणार नाही. आपण सगळेच ओल म्हणजे पाऊस समजतो. दुपारची वीज नव्हती, तेव्हा शेजारच्या कारखान्यातून जनित्राची तार घेतली. गाडी अकरापर्यंत उन्हात ठेवली, तळहाताला पत्रा कोमट लागेपर्यंत. मग सावलीत आणली. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी खालच्या नळीने काढून टाकले. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीतच पाणी होऊन साठते आणि गनमधून रंगात येऊ शकते, हे पुष्कळजण विसरतात. मग रिटार्डर घातलेल्या थिनरचा एक अगदी हलका फवारा बॉनेटवर मारला. जास्त मारला तर रंग ओघळतो आणि दिवसेंदिवस मऊ राहतो. बॉनेट आमच्या डोळ्यांदेखत निळे होत गेले. टपावरचा पांढरेपणा खोल होता; तो 1000 नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून वर पुन्हा कोट द्यावा लागला. पुरता वाळल्यावर रबिंग कंपाउंड आणि मेण.

पत्रा तापवायला कुणीतरी कोळशाची शेगडी सुचवली होती. ते भलतेच धोक्याचे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. ती श्वासातून घेणेही वाईटच. हल्ली बहुतेक गाड्यांना दोन डब्यांतले पदार्थ मिसळून करायचा पॉलियुरेथेन रंग देतात. तो थिनर उडून नव्हे, तर रासायनिक क्रियेने कठीण होतो, त्यामुळे थंडीत ही क्रियाच मंदावते, आणि मध्येच दव पडले तर तोही निस्तेज होतो. त्याच्या कडक करणाऱ्या घटकातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. तो एकदा कठीण झाला की थिनरात विरघळतही नाही, म्हणून त्याला घासून पॉलिश करणे हाच मार्ग.

हे सारे तुम्हाला वर्गात करून पाहता येईल. नेलपॉलिशमध्येही बहुधा नायट्रोसेल्युलोजच असते. गडद रंगाची बाटली घ्या. स्टीलचे दोन पेले घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात बर्फ घातलेले. दोन्ही पेले बाहेरून कोरडे पुसून लगेच प्रत्येकावर एक पट्टा ओढा आणि वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास स्पिरिटचा दिवा नको. गार पेल्यावरच्या पट्ट्याचे काय होते ते पाहा. बर्फाच्या पाण्यात तापमापक बुडवून पेल्यावर दव कितव्या अंशाला दिसू लागते तेही टिपून ठेवा. सकाळच्या पहिल्या तासाला आणि दुपारच्या सुट्टीनंतर दोनदा करा, आणि आकडे शेजारी शेजारी लिहा.

गाडी संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरी गेली. मित्राने मिस्त्रीची मजुरी चुकती केली, वर जनित्राचे भाडेही दिले. बॉनेटच्या मागच्या कडेला, वायपरखालच्या खाचेत, गनचा फवारा पोचला नव्हता. तिथे बोटभर पांढुरका पट्टा तसाच राहिला.