आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांची शुश्रूषा

आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स, काढल्याची पहिली नोंद १७३५ सालची. लंडनमध्ये क्लॉडियस अमियांड यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण ११ वर्षांचा मुलगा होता. आज ही शस्त्रक्रिया नित्याची झाली असली, तरी घरी परतलेल्या मुलाची शुश्रूषा पालकांनाच करावयाची असते.

मायेपोटी मुलाला अंथरुणास खिळवून ठेवू नये. वेदनाशामक औषध ठरल्या वेळी द्यावे, खोकताना पोटावर उशी धरावयास शिकवावे, म्हणजे मूल निर्भयपणे चालू लागते. चालण्याने आतड्यांची हालचाल पूर्ववत होते व फुफ्फुसे मोकळी राहतात. उलटी होत नसल्यास पेज, मऊ भात द्यावा.

आंत्रपुच्छ फुटलेले असल्यास मात्र विशेष सावध राहावे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठवड्याने पुन्हा ताप चढला, पोट दुखू लागले आणि थोडे थोडे, आव पडणारे जुलाब होऊ लागले, तर त्याचा दोष खाण्यापिण्यास देऊ नये. ओटीपोटात साचलेला पू गुदाशयास डिवचत असण्याचा संभव असतो. अशा वेळी जुलाब थांबविणारे औषध घरी न देता मुलास तत्काळ शल्यचिकित्सकांना दाखवावे. टाके कोरडे दिसतात, एवढ्यावर विसंबू नये. धोका जखमेच्या आत असू शकतो.