बारा खुर्च्यांची खाणावळ

हवानाच्या जुन्या वस्तीत, १९९० नंतरच्या दशकात, रात्रीच्या जेवणासाठी बाहेर पडलेल्या परदेशी पाहुण्याला पाटी क्वचितच दिसे. कोपऱ्यावर उभा असलेला एखादा तरुण हलक्या आवाजात जेवणाचे विचारी, दोन-तीन गल्ल्या पुढे चाले आणि एका जुन्या घराचे दार ठोठावून बाजूला होई. आत बैठकीची खोली. भिंतीवर कुटुंबाची छायाचित्रे, आतल्या खोलीतून येणारा दूरदर्शनचा आवाज आणि मधोमध मांडलेली दोन-चार मेजे. त्या तरुणाची दलाली जेवणाच्या दरात आधीच चढवलेली असे.

या घरगुती खाणावळींना क्युबात ‘पालादार’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ टाळू, म्हणजेच चव. नाव रूढ झाले ते ‘वाले तूदो’ या ब्राझिलियन मालिकेमुळे. समुद्रकिनाऱ्यावर खाद्यपदार्थ विकणारी तिची नायिका पुढे ‘पालादार’ नावाचा व्यवसाय उभारते. आज लंडनपासून मुंबईपर्यंत ‘सपर क्लब’च्या नावाने लोक अनोळखी घरी पैसे भरून जेवायला जातात आणि पत्ता अखेरच्या क्षणी कळणे हा त्यातील गमतीचा भाग असतो. हवानात ती गंमत नव्हती.

मार्च १९६८ मध्ये क्युबाच्या सरकारने उरलीसुरली खासगी दुकाने, उपाहारगृहे आणि कारागिरांचे धंदे ताब्यात घेतले. अशा लहान व्यवसायांची संख्या ५० हजारांहून अधिक होती. पुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि धान्याची आयात आटली, शिधापत्रिकेवरचा शिधा महिनाभर पुरेना. ज्यांच्याकडे विकण्याजोगे दुसरे काही नव्हते, त्यांनी स्वयंपाकघर विकायला काढले. सप्टेंबर १९९३ मध्ये काही स्वयंरोजगारांना मुभा मिळाली, पण घरगुती खाणावळींवर वर्ष संपण्यापूर्वीच पुन्हा बंदी आली. १९९५ मध्ये परवानगी मिळाली ती अटींसह. खुर्च्या बारापेक्षा अधिक नकोत, नोकर ठेवायचे नाहीत, राबायचे ते घरच्यांनीच. गोमांस, शेवंडे आणि कोळंबी वाढण्यास मनाई. शिवाय गिऱ्हाईक येवो न येवो, दरमहा ठरावीक कर.

खाली पेढी आणि वर संसार अशा घरांत ज्या कुटुंबांच्या पिढ्या गेल्या, त्यांना यातील पेच सांगावा लागणार नाही. बारा खुर्च्यांच्या मिळकतीत कर भागवणे कठीण. मग मागच्या खोलीत तेरावी खुर्ची येई, वाढणारा मुलगा कागदोपत्री दूरचा चुलतभाऊ होई आणि निषिद्ध पदार्थ पत्रिकेवर न येता पाहुण्याच्या कानात सांगितले जात. तपासनीस आला तर दंड, परवाना रद्द. अतिथी उठून गेल्यावर त्याच मेजावर मुले अभ्यासाला बसत; घर आणि धंदा यांमध्ये भिंत उरली नव्हती. नियम मोडल्याचा दोष या कुटुंबांकडे जातो हे खरे, पण प्रामाणिक माणसाला चोरवाट धरायला लावणाऱ्या नियमाकडेही त्याचा वाटा जातो.

शाकाहारी पाहुण्याची त्या मेजावर वेगळीच परीक्षा असते. भात आणि काळ्या घेवड्याची उसळ हे क्युबाचे नित्याचे अन्न दिसायला निर्धोक. परंतु घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत किंवा मांसाच्या तुकड्यासह शिजवलेला असतो. ‘मांस नाही’ या उत्तराचा अर्थ तेथे अनेकदा ‘तुकडे काढून ठेवले आहेत’ इतकाच होतो. ‘युका’ म्हणून जे उकडलेले पांढरे काप येतात, ते ज्याच्या सत्त्वापासून भारतात साबुदाणा होतो त्याच कंदाचे. वर लसणाचे आंबट तेल. कंदमूळ वर्ज्य असलेल्यासाठी कच्ची केळी चेपून तळलेले ‘तोस्तोनेस’ उरतात, तेही तळणीत काय आहे हे विचारल्यावरच. एक सोय मात्र मोठ्या उपाहारगृहात नसते: स्वयंपाक करणारी बाई चार पावलांवर उभी असते आणि तिला थेट विचारता येते.

२०१० मध्ये खुर्च्यांची मर्यादा २० झाली, पुढच्या वर्षी ५०. नोकर ठेवण्यासही मुभा मिळाली. दारांवर पाट्या आल्या, काही घरांच्या खऱ्याखुऱ्या पेढ्या झाल्या, काही स्पर्धेत मिटल्या.

त्या जुन्या दिवसांची चव अजून कोठे कळत असेल, तर ती कोंकॉर्दिया रस्त्यावरच्या ‘ला ग्वारिदा’च्या वाटेवर. १९९३ चा ‘फ्रेसा इ चोकोलाते’ हा गाजलेला चित्रपट ज्या घरात चित्रित झाला, तेथेच १९९६ मध्ये ही खाणावळ सुरू झाली. स्पेनच्या राणी सोफिया यांनीही तेथे भोजन केले आहे. वर जाण्याचा संगमरवरी जिना झिजलेला, भिंतींचे पोपडे निघालेले. मधल्या मजल्यावर शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात. त्यांच्यामधून वाट काढीत पाहुणा वरच्या दारापाशी पोहोचतो.