थंडीत छाती सांभाळा

मी साताऱ्याचा. डेहराडूनच्या डिसेंबरमध्ये पहिल्याच आठवड्यात छातीत कफ दाटला. पीटी चुकेल म्हणून खोकला लपवून धावलो. तिसऱ्या फेरीत श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा उस्तादांनी थांबवून एमआय रूममध्ये नेले.

नाकातून घेतलेली हवा फुप्फुसांपर्यंत जाताना कोमट व ओलसर होते. तोंडाने धापा टाकल्या की गार, कोरडी हवा तशीच आत जाते आणि काहींच्या श्वासनलिका आकसतात. म्हणून आता मी धावण्याआधी १० मिनिटे हळूहळू अंग गरम करतो, जमेल तोवर नाकाने श्वास घेतो, तहान नसली तरी पाणी पितो. शेकोटीच्या धुरात बसत नाही. घसा खवखवला तर मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करतो, झोपताना कोमट पाण्यातून मध घेतो. आई फोनवर हळदीच्या दुधाची आठवण करते; तेही आवडीने पितो.

मात्र ताप, छातीत दुखणे किंवा घरघर असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. नव्या कॅडेट मित्रांनो, सरळ उस्तादांना सांगा. मी एक पीटी वाचवायला गेलो आणि आठ दिवस मैदानाबाहेर बसलो.