होडीच्या इंजिनाचं तेल

आज मी कवितेविषयी बोलणार नाही, तेलाविषयी बोलणार आहे. खोबरेल नव्हे की शेंगदाण्याचं नव्हे. होडीच्या मागच्या फळीला जे आऊटबोर्ड इंजिन लटकलेलं असतं, त्याच्या पेट्रोलात घालायचं तेल. कवीला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण माझं आजोळ वाशिष्ठी खाडीच्या काठचं, मासेमारी करणाऱ्या दालदी मुसलमानांचं घर. तिथं हे शिकावंच लागलं.

गोष्ट १९९१ची. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, दिवाळीच्या सुटीत मामूकडे गेलो होतो. पहाटे मामू, मामेभाऊ आणि मी होडी घेऊन खाडीच्या मुखाकडे निघालो. ओहोटी लागलेली. अर्ध्या तासानं इंजिनाचा आवाज बदलला. आधी जरा चढला, मग दम लागल्यासारखा झाला आणि बंदच पडला. मामेभावानं चालू करायची दोरी ओढली, ती जागची हलेना. ओहोटीचं पाणी आम्हाला बाहेर ओढत होतं आणि समोर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटताना दिसत होत्या. होडीत वल्हं एकच. नांगर टाकला, तोही तळाला धरेना. मामू मोठ्यानं कलमा म्हणू लागला, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं. एका शेजारच्या होडीनं दोर फेकला म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

धक्क्यावर आल्यावर मामूनं टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाला, "ह्यात तेलच नाही." मामूला वाटलं होतं, पोरानं घातलं असेल. पोराला वाटलं होतं, बापानं घातलं असेल.

आता हे तेल इतकं मोलाचं का? मोटारीच्या इंजिनात खाली ऑइलचा वेगळा साठा असतो. तेच तेल फिरत राहतं आणि काही महिन्यांनी आपण ते बदलतो. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात असा साठाच नसतो. पेट्रोल आणि हवा आधी इंजिनाच्या खालच्या पोटात शिरतात आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातात. पेट्रोलात मिसळलेलं तेल या वाटेवर बेअरिंगांना आणि पिस्टनला माखत जातं आणि शेवटी पेट्रोलाबरोबर जळून जातं. म्हणजे हे तेल रोजच्या रोज द्यावं लागतं. एक दिवस विसरलं की धातूवर धातू घासतो, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मेकॅनिक त्याला 'सीझ झालं' म्हणतात. मामूच्या पिस्टनवर मांजरानं ओरबाडल्यासारखे चरे पडले होते. त्या मोसमाची बरीचशी कमाई त्या दुरुस्तीत गेली.

तेल कोणतं घ्यायचं, इथं बरेचजण फसतात. दुकानदार 'टू-स्ट्रोक ऑइल' म्हणून जे पुढे करतो ते बहुधा स्कूटर-मोटरसायकलचं असतं. स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, म्हणून ते फार तापतं आणि त्याच्या तेलात त्या उष्णतेला पुरतील अशी धातुयुक्त द्रव्यं घातलेली असतात. ती जळली की थोडी राख उरते. होडीचं इंजिन खाडीचंच पाणी आत खेचून थंड होतं. त्या थंडाव्यात ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचते. साचलेली राख निखाऱ्यासारखी लाल झाली तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते, आणि त्यानं पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणून डब्यावर 'टीसी-डब्ल्यू ३' ही अक्षरं शोधावीत. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं हे प्रमाण आहे. त्यातला 'डब्ल्यू' पाण्याचा, आणि हे तेल राख न ठेवणारं. कंपनी कोणती याला मी फारसं महत्त्व देत नाही. अडीअडचणीला स्कूटरचं तेल एखाद्या फेरीपुरतं घातलं तर समजू शकतो. ट्रकचं इंजिन ऑइल मात्र नको. आणि खाली पंख्याजवळच्या गिअरमध्ये जातं ते जाड गिअर ऑइल वेगळं, ते पेट्रोलात घालायचं नसतं.

प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते शेवटचं. पुष्कळ इंजिनांना पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर लागतं. नवं इंजिन असेल तर सुरुवातीचे काही तास बहुधा त्याच्या दुप्पट. आमच्या किनाऱ्यावर माप म्हणून क्वार्टरची रिकामी बाटली वापरतात. त्या बाटलीशी माझा दुसरा काही संबंध नाही, पण हिशेब सोपा आहे: १८० मिलिलिटर तेल नऊ लिटर पेट्रोलाला. टाकी अर्धी भरलेली असेल तर नव्यानं घातलेल्या पेट्रोलापुरतंच तेल घालावं. 'थोडं जास्त घातलेलं बरं' हा समजही चुकीचा. धूर होतो, प्लग काळा पडतो, आणि तेलानं जागा घेतल्यामुळे पेट्रोल तेवढं कमी जाऊन इंजिन उलट जास्त तापू शकतं. शिवाय हा धूर पाण्याखाली सुटतो. ज्या चिखलात आमच्या बायका कालवं आणि तिसऱ्या काढतात, त्याच पाण्यात.

मिसळायचं काम टाकी किनाऱ्यावर जमिनीवर ठेवून करावं. आधी थोडं पेट्रोल, मग तेल, झाकण लावून चांगलं हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. नुसतं तेल आधी ओतलं तर तळाशी चिकटून बसतं. या तेलाला बहुधा मुद्दाम रंग दिलेला असतो, त्यामुळे मिश्रण कोऱ्या पेट्रोलापेक्षा वेगळं दिसतं. हे मामूला ठाऊक होतं, पण त्या पहाटे अंधार होता.

अलीकडे एक नवी काळजी आली आहे. आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा! १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. मे महिन्यात उरलेली टाकी कोपऱ्यात पडून राहते आणि नारळी पौर्णिमेला तीच इंजिनाला जोडली जाते. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी उतरतात, आणि तेल वरच्या पेट्रोलात राहतं. इंजिनाची नळी मात्र तळातूनच ओढते. म्हणजे तुम्ही तेल बरोब्बर मापून घातलेलं असूनही इंजिनाला ते मिळतच नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, आणि मोसमात दोन-चार दिवसांपुरतंच मिश्रण करावं.

त्या घटनेनंतर मामूनं घरात एक रीत घातली. जो तेल घालील त्यानं टाकीच्या कडीला लाल चिंधी बांधायची. टाकी रिकामी झाली की चिंधी सोडायची. कडीला चिंधी नसेल तर दोरीला हात लावायचा नाही. मामू जाऊन बरीच वर्षं झाली. मामेभावाच्या होडीवर गेलो की माझा हात अजून आधी त्या कडीकडे जातो, आणि तो मागून ओरडतो, "बांधलीय रे, बस आता!"