वराहाचे वजन वाढले, की खाद्य बदला

वराहपालनात होणाऱ्या एकूण खर्चापैकी सुमारे ७० टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो. म्हणूनच या धंद्यातील नफा-तोटा बहुतांशी गव्हाणीतच ठरतो. लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारख्या जातीची चांगली पिल्ले आणली, गोठाही पक्का बांधला, पण तीन महिन्यांच्या पिल्लाला आणि विक्रीला आलेल्या वराहाला एकाच पोत्यातले खाद्य घातले, तर दोन्हीकडे नुकसान होते. पिल्लाला प्रथिने कमी पडून त्याची वाढ खुंटते आणि मोठ्या वराहाला दिलेली जादा प्रथिने वाया जातात.

वयाप्रमाणे गरज का बदलते?

लहान वयात वराहाच्या शरीरात मुख्यतः मांस व हाडे तयार होतात. त्यासाठी प्रथिने लागतात. वजन ६० किलोच्या पुढे गेले, की वाढीतील चरबीचा वाटा वाढत जातो. चरबी पिष्टमय पदार्थांपासूनही तयार होते. त्यामुळे वराह जसजसा मोठा होतो, तसतसे खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण कमी करावे व रोजच्या खाद्याची मात्रा वाढवावी. वराह आहाराचे हे मुख्य सूत्र आहे.

जादा प्रथिने शरीरात साठवून ठेवता येत नाहीत. त्यांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडते. अशा गोठ्यात अमोनियाचा उग्र वास येतो आणि वराहांना खोकल्याचा त्रास होतो.

दुसरी गोष्ट अशी, की वराहाचे पोट गाई-म्हशींसारखे चार कप्प्यांचे नसते. त्याला तंतुमय पदार्थ फारसे पचत नाहीत. लहान पिल्लांच्या खाद्यात तंतुमय पदार्थ ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. मोठ्या वराहांना त्याहून थोडे अधिक चालतात. भाताचे तूस मात्र कोणत्याही वयात उपयोगाचे नाही. युरिया मिसळलेले गुरांचे खाद्यही वराहांना कधीच देऊ नये.

जन्मापासून दूध तोडेपर्यंत

पिल्ले जन्मताच त्यांना चीक पाजावा. मादीच्या दुधात लोह फार कमी असते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे, अन्यथा पिल्ले पांढुरकी पडून दगावतात. तिसऱ्या आठवड्यानंतर मादीचे दूध पिल्लांच्या भुकेला पुरत नाही. म्हणून दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून मादी पोहोचू शकणार नाही अशा आडोशात थोडे थोडे क्रीप खाद्य ठेवावे. उरलेले खाद्य रोज काढून ताजे घालावे. सहा ते आठ आठवड्यांनी दूध तोडताना खाद्य एकदम बदलू नये. पाच-सहा दिवसांत जुन्यात नवे मिसळत जावे.

दूध तोडल्यापासून विक्रीपर्यंत

चारही अवस्थांचे नमुना मिश्रण खालील तक्त्यात दिले आहे.

तक्ता : १०० किलो खाद्यातील घटक (किलो)

| घटक | पिल्ले (क्रीप) | १० ते ३५ किलो वजन | ३५ ते ६० किलो वजन | ६० ते ९० किलो वजन |
|---|---|---|---|---|
| मका भरडा | ६२ | ६० | ५७ | ५० |
| सोयाबीन पेंड | २३ | १८ | १७ | १० |
| गव्हाचा कोंडा | ६ | १५ | २४ | १८ |
| तांदळाचे पॉलिश | – | – | – | २० |
| मासळीची कुटी | ७ | ५ | – | – |
| खनिज मिश्रण | १.५ | १.५ | १.५ | १.५ |
| मीठ | ०.५ | ०.५ | ०.५ | ०.५ |
| प्रथिने (सुमारे टक्के) | २० | १८ | १६ | १४ |

मक्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ही उणीव सोयाबीन पेंड आणि मासळीची कुटी भरून काढतात. भुईमुगाच्या पेंडीत प्रथिने भरपूर असली, तरी लायसिन कमी असते. म्हणून तिने सोयाबीन पेंडीचा थोडाच भाग बदलावा, सर्व बदलू नये. कच्चे सोयाबीन दळून घालू नये, कारण त्यातील एक घटक प्रथिनांच्या पचनाला अडथळा करतो. भाजल्याने तो नष्ट होतो. सुकी मासळी खारवलेली असेल, तर मिश्रणात वेगळे मीठ घालू नये. मीठ जास्त झाले आणि पिण्याचे पाणी कमी पडले, तर वराहांना मिठाची विषबाधा होते.

खाद्याचे नियोजन कसे करावे?

चांगल्या संकरित वराहाला १० किलोपासून ९० किलोपर्यंत वाढवताना साधारण पुढीलप्रमाणे खाद्य लागते.

१० ते ३५ किलो : सुमारे ६२ दिवस, रोज सरासरी १ किलो, एकूण ६२ किलो खाद्य.
३५ ते ६० किलो : सुमारे ४५ दिवस, रोज सरासरी पावणेदोन किलो, एकूण ८० किलो खाद्य.
६० ते ९० किलो : सुमारे ५० दिवस, रोज सरासरी २.४ किलो, एकूण १२० किलो खाद्य.

म्हणजे एका वराहाला सुमारे २६२ किलो व दहा वराहांना सुमारे २६ क्विंटल खाद्य लागेल. रोजचे खाद्य सकाळ-संध्याकाळ दोन वेळा विभागून द्यावे. प्रत्येक किलो खाद्यामागे अडीच ते तीन लिटर स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे.

या आकड्यांकडे नीट पाहा. पहिल्या टप्प्यात एक किलो वजन वाढण्यास अडीच किलो खाद्य लागते, तर शेवटच्या टप्प्यात चार किलो. ९० किलोच्या पुढे हे प्रमाण आणखी बिघडते. म्हणून "अजून थोडे वजन वाढू दे" म्हणून वराह ठेवणे बहुधा परवडत नाही.

आता चूक केल्यास काय होते ते पाहू. शेवटच्या टप्प्यातही १८ टक्के प्रथिनांचे खाद्य चालू ठेवले, तर दहा वराहांमागे सुमारे ९६ किलो सोयाबीन पेंड आणि ६० किलो मासळीची कुटी जादा खर्ची पडते. आपल्या बाजारातील भावाने याची किंमत स्वतः काढून पाहावी. उलट दूध तोडलेल्या पिल्लांना सुरुवातीपासून १४ टक्क्यांचे खाद्य दिले, तर पेंडीचे पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण वराह विक्रीला येण्यास बरेच आठवडे उशीर होतो आणि तेवढे दिवस त्यांना पोसावे लागते.

घरच्या घटकांचा हिशेब

तक्त्यातील घटक आपल्याकडे नसतील, तर चौकोनाच्या पद्धतीने मिश्रण बसवता येते. समजा, १६ टक्क्यांचे खाद्य हवे आहे. खनिज मिश्रण व मिठात प्रथिने नसतात, म्हणून बाकीच्या घटकांसाठी १६.५ टक्के धरावेत. मक्यात ९ व गव्हाच्या कोंड्यात १५ टक्के प्रथिने धरली, तर ७० भाग मका व ३० भाग कोंडा यांच्या मिश्रणात १०.८ टक्के प्रथिने येतात. सोयाबीन पेंडीत ४५ टक्के धरावीत.

चौकोनाच्या डाव्या बाजूस वर १०.८ व खाली ४५ लिहावे. मध्यभागी १६.५ लिहावे. तिरपी वजाबाकी करावी. ४५ वजा १६.५ म्हणजे २८.५ भाग मका-कोंडा. १६.५ वजा १०.८ म्हणजे ५.७ भाग पेंड. एकूण ३४.२ भागांत पेंड ५.७, म्हणजे सहावा हिस्सा. खनिजे व मीठ वगळून उरलेल्या ९८ किलोंत सुमारे १६ किलो पेंड व ८२ किलो मका-कोंडा घ्यावा. त्यात मका ५७ किलो व कोंडा २५ किलो येतो.

खाद्य केव्हा बदलावे?

वयापेक्षा वजन पाहून खाद्य बदलावे. काटा नसेल, तर टेप वापरावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानांच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १४,४००, एवढे किलो वजन साधारण येते. उदाहरणार्थ, घेर ९२ व लांबी ९५ असेल, तर वजन सुमारे ५६ किलो. म्हणजे शेवटच्या टप्प्याचे खाद्य लवकरच सुरू करावयाचे आहे. दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत नोंद ठेवावी. आठवड्याचे खाद्य आणि वाढलेले वजन शेजारी शेजारी लिहिले, की कोणता वराह खाऊनही वाढत नाही हे लगेच कळते. अशा वराहाला जंत आहेत का ते तपासून घ्यावे.

हॉटेलच्या खरकट्याविषयी

हॉटेलचे खरकटे स्वस्त पडते म्हणून अनेक जण त्यावरच वराह वाढवतात. मात्र त्यात पाणी भरपूर असते आणि प्रथिनांचे प्रमाण रोज बदलते. म्हणून ते मुख्य आहार धरू नये, पूरक म्हणून थोडे वापरावे. त्याहून मोठा धोका रोगाचा आहे. भारतात २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आढळला. या रोगावर उपचार नाही आणि बाधित वराह मोठ्या प्रमाणावर मरतात. डुकराच्या मांसाचे तुकडे असलेल्या खरकट्यातून तो पसरतो. म्हणून मांस असलेले खरकटे टाळावेच. इतर खरकटेही उकळी आल्यावर सतत ढवळत किमान एक तास उकळून, थंड करून मगच द्यावे.

साठवण

कोकण व गोव्यातील दमट हवेत मका आणि पेंडीला लवकर बुरशी लागते. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन विषाने यकृत बिघडते व वाढ थांबते. मका नीट वाळवून ठेवावा. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. पावसाळ्यात तयार मिश्रण पंधरा दिवसांपेक्षा अधिक करून ठेवू नये. बुरशी लागलेला माल चांगल्या मालात मिसळून खपवू नये.

नाताळची विक्री साधायची असेल, तर मागून हिशेब करावा. दोन महिने दूध तोडण्यास आणि सुमारे १५७ दिवस पुढील वाढीस, असे एकूण सात महिने लागतात. म्हणजे मेच्या मध्यास पिल्ले जन्मली पाहिजेत. मादीचा गर्भकाळ ११४ दिवसांचा असल्याने जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती फळवावी. मका आणि पेंडीची खरेदी याच वेळापत्रकाप्रमाणे केल्यास ऐन टप्प्यात खाद्य कमी पडणार नाही आणि साठवणीत खराबही होणार नाही.